रोटेनाखच्या शेवडेबाई

पद्मिनी शेवडे युनिव्हर्सिटीत नेमकं काय करते, हे अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत कोणालाच धड सांगता यायचं नाही. तिनं सांगितलं नव्हतं असं मुळीच नाही. विचारणाऱ्याला ती सांगायचीच, न विचारणाऱ्यालाही सांगायची. पण 'काउंटी' हा शब्द आला की ऐकणाऱ्याची गाडी भलत्याच फाट्याला लागायची. ॲन आर्बर ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे तिच्यावरच ही बाई अभ्यास करते आहे, अशी समजूत होऊन एका गणपतीला राजाराम गोगटे हातातली प्रसादाची वाटी सांभाळत तिला म्हणाले, "वहिनी, यंदा प्रॉपर्टी टॅक्स एवढा का वाढवलाय हो यांनी?"

"ती काउंटी नाही. ही जर्मनीतली. रोटेनाख म्हणून होती."

"होती? म्हणजे आता नाही?"

"पाचशे वर्षांपूर्वी संपली."

"मग?" गोगट्यांनी विचारलं.

त्यांनी ते खरोखर भाबडेपणानं विचारलं होतं. पण त्या 'मग'ला पद्मिनीकडे उत्तर नव्हतं, आणि पुढेही बरीच वर्षं ते सापडलं नाही. तिची मैत्रीण नीला सबनीस तर दर भेटीत म्हणायची, "अगं, करायचंच होतं तर आपल्या मराठेशाहीवर तरी करायचंस. आपल्याकडे काय जहागिऱ्या कमी होत्या?"

खरं म्हणजे पद्मिनीला तेच करायचं होतं. १९७८ साली मुलगी, दीपा, दिवसभराच्या शाळेत जायला लागली आणि घर एकदम रिकामं झालं. नवरा दिगंबर मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो पहाटे जायचा. तेव्हा पुण्याच्या कॉलेजातलं बी.ए.चं सर्टिफिकेट पर्समध्ये घालून ती युनिव्हर्सिटीच्या इतिहास विभागात गेली. हिंदुस्थानचा इतिहास शिकवणारे गृहस्थ दोन वर्षांसाठी हिंदुस्थानातच गेलेले. त्या मजल्यावर ज्यांचं दार उघडं होतं असे एकच प्रोफेसर होते, ह्यूबर्ट प्राउट. त्यांचं दार उघडं असायचं, कारण त्यांच्याकडे कोणी जायचंच नाही.

"जर्मन येतं?" प्राउटनी विचारलं.

आता यायचं कसं, त्याचीही एक गोष्ट होती. लग्न नवीन असताना दिगंबरला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. म्हणून पुण्यात दोघंही संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायची. जर्मनीची नोकरी आली नाही, मिशिगनची आली. दिगंबर विमानातच सगळं जर्मन विसरला. पद्मिनी विसरली नाही. उरलेला भात आणि शिकलेली विद्या टाकून द्यायची नाही, असं तिच्या माहेरचं वळण होतं.

"येतं," ती म्हणाली.

"आणि लॅटिन?"

"संस्कृत येतं."

प्राउटनी तिच्याकडे असं पाहिलं, की या बाईला आता जाऊ द्यायची नाही. त्यांनी स्वतःची तीस वर्षं जर्मनीच्या त्याच कोपऱ्यावर घालवली होती आणि रोटेनाख तेवढं त्यांच्या हातून राहिलं होतं. शिवाय त्या काउंटीचे सगळे जुने लेख, म्हणजे सनदा-दस्तऐवज, पाच जाडजूड खंडांत छापलेले होते, आणि ते पाचही खंड लायब्ररीच्या तळघरात होते. म्हणजे कुठे जायला नको, यायला नको. शाळा सुटायच्या आत घरी. पद्मिनीनं रोटेनाख निवडलं ते हे असं. पुढे ती त्या मुलुखातलं ओढ्याओढ्याचं नाव सांगू लागली, पण जर्मनी म्हणून तिनं पाहिली ती फ्रँकफर्टच्या विमानतळावर, मुंबईला जाताना, रडणारी दीपा कडेवर घेऊन.

रोटेनाखच्या काउंट लोकांची, म्हणजे तिथल्या सरदार घराण्याची, कर्तबगारी सांगायची तर फार वेळ लागत नाही. बाराव्या शतकात पहिल्या काउंटला शेजारच्या मठाची रखवाली मिळाली. त्यानं ती इतक्या मनापासून केली, की वीस वर्षांत मठाची निम्मी गावं त्याच्याच नावावर लागली. त्याच्या नातवानं जंगल मिळवलं, पणतूनं एक नदीचा उतार आणि दोन गढ्या. इथपर्यंत सगळं चढतं. मग तीन भाऊ एकदम वयात आले आणि त्यांनी वाटणी केली. गावं वाटली, जंगलं वाटली, शेवटी राहता किल्ला वाटला. थोरल्याला बुरूज, मधल्याला दिवाणखाना, धाकट्याला स्वयंपाकघर. विहीर सामाईक. थोरल्यानं आपल्या दारातून जायला मनाई केली, तेव्हा धाकट्यानं तटाला शिडी लावली आणि त्याच्या घरचे लोक दोन पिढ्या शिडीनं जा-ये करत राहिले. पुढे एकेक गाव बिशपाकडे गहाण पडलं, एकेक मुलीबरोबर आंदण गेलं, आणि शेवटचा काउंट निपुत्रिक वारला तेव्हा शेजाऱ्यांनी काय उरलंसुरलं ते तेराव्याच्या आत वाटून घेतलं.

शिडीची गोष्ट मात्र मराठी मंडळींना आवडायची. ती ऐकताना प्रत्येकाला आपापले चुलते आठवत. नीला तर म्हणाली, "अगदी आमच्या सासरच्यांसारखे गं. जर्मन होते का नक्की?"

घरी त्या काउंट लोकांची ये-जा सुरूच असायची. जेवताना पद्मिनी म्हणायची, "तिसरा हाइनरिश एकदाचा मेला की मी सुटले."

"कशानं जातो?" दिगंबर विचारायचा.

"घोड्यावरून पडून."

"डोक्याला मार की मांडीचं हाड?"

"ते लिहिलेलं नाही हो."

"मग कसला तुमचा इतिहास!" दिगंबर वरणाकडे वळायचा. आणि दीपा, जी आता तेरा वर्षांची झाली होती, ताटावरून मान वर न करता म्हणायची, "आई, नोबडी केअर्स."

तळघरात मात्र पद्मिनीला कोणाची पर्वा नसे. तिचं मुख्य काम नकाशाचं होतं. कोणतं गाव कोणत्या साली कोणाचं, हे शेकडो लेखांतून ताडून तिनं रंगीत पेन्सिलींनी नकाशे केले होते. काउंटचा मुलूख लाल, बिशपाचा जांभळा, मठाचा हिरवा. ऐन भरभराटीतसुद्धा तो लाल मुलूख सलग नव्हताच. कुत्र्यानं ओढून नेलेल्या पोळीसारखा तो इकडेतिकडे पडला होता, आणि त्याच्या मधोमध तीन गावांचा एक हिरवा ठिपका होता. ओबरलिंड, नीडरलिंड आणि झांक्ट फाइट. मठानं ती तीन गावं शेवटपर्यंत सोडली नाहीत. त्या हिरव्या ठिपक्याचा पद्मिनीला फार अभिमान होता. कारण प्राउटनी आपल्या एका जुन्या निबंधात तो लाल रंगवला होता, आणि तिनं तो पुराव्यानिशी हिरवा करून घेतला होता.

१९८५च्या वसंतात घरी फोन आला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की पद्मिनीनं रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"डॉक्टर शेवडे? मी हार्लन वोगेल. न्यू रोटेनाखहून बोलतोय."

पद्मिनीला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. न्यू रोटेनाख? पण ते होतं. मिशिगनचा माणूस कुठलंही गाव दाखवायला उजवा तळहात पुढे करतो, कारण राज्याचा आकार तसाच आहे. त्या तळहातावर अंगठा जिथे सुरू होतो तिथे, बीटच्या शेतांमध्ये हे गाव होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते वसवलं होतं. येत्या ऑगस्टात त्याचा उत्सव होता आणि हार्लन हा उत्सव समितीचा अध्यक्ष. बी-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हवाली करून तो आता पूर्णवेळ गावाचा अभिमान बाळगत होता. आमच्या काउंट लोकांविषयी बोलायला कोणीतरी द्या, असं त्यानं युनिव्हर्सिटीला विचारलं, तेव्हा ऑफिसातल्या बाईनं सांगितलं की उभ्या अमेरिकेत त्या विषयातलं एकच माणूस आहे आणि ते आमच्या तळघरात बसतं.

"मी अजून डॉक्टर झालेले नाही," पद्मिनी म्हणाली.

"ऑगस्टपर्यंत आमची काही घाई नाही," हार्लन म्हणाला.

मे महिन्यात दिगंबरनं एक रविवार काढला आणि तिघं स्टेशन वॅगनमधून तिकडे गेली. चर्चच्या तळघरात समिती कॉफी मांडून उभीच होती. फोनवर बाईशी बोललेला असूनही हार्लननं सवयीनं पुढे होऊन दिगंबरचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर शेवडे! तुमच्यासारख्या माणसानं आमच्या काउंट लोकांसाठी आयुष्य वेचावं!"

"डॉक्टर मीच," दिगंबर म्हणाला, "पण काउंट हिचे. मी लोकांना औषधानं झोपवतो, ही व्याख्यानानं."

समितीनं पद्मिनीकडे पाहिलं. साडी, कुंकू, हातात नकाशांची गुंडाळी. एकदोघांनी तिच्या पाठीमागे कोणी उभं आहे का तेही पाहून घेतलं. पण ती माणसं मनानं चांगली होती. सावरली, कॉफी दिली, केक दिला. मग हार्लन तिला बाहेर घेऊन गेला आणि त्यानं अभिमानानं वर बोट केलं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर दोन मजली लाल सिंह रंगवलेला होता. डोक्यावर मुकुट, एक पंजा उगारलेला. रोटेनाखच्या काउंटचं निशाण.

"रंग अजून ओला आहे," हार्लन म्हणाला. "आमचे पूर्वज याच सिंहाखाली लढले."

पद्मिनीला खरंच भरून आलं. सात वर्षं ज्याला तिनं छापील शिक्क्यांत बोटभर पाहिलं होतं, तो सिंह मिशिगनच्या आकाशात उभा होता. डोळे टिपत ती शेजारच्या दफनभूमीत शिरली, आणि तिथे तिचं इतिहासाचं शिक्षण आडवं आलं. जुन्या दगडांवर नावाखाली जन्मगाव कोरलेलं होतं. जन्म ओबरलिंड. जन्म नीडरलिंड. जन्म झांक्ट फाइट. पुन्हा ओबरलिंड. ती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेली, वाकून वाकून वाचत राहिली. समितीला वाटलं, बाई पूर्वजांना नमस्कार करते आहे.

सगळे हिरवे होते. एकही लाल नव्हता.

"अहो, हे त्यांचे नव्हतेच," परतताना गाडीत ती म्हणाली. "ही माणसं काउंटच्या मुलुखातली नाहीत. मठाच्या गावांतली आहेत. उलट काउंटची माणसं यांचीच गुरं पळवून न्यायची. दोनदा नेल्याचा पुरावा आहे."

"मग गावाचं नाव रोटेनाख कसं?"

"जवळचं मोठं गाव ते. लांब आलं की माणूस मोठ्या गावाचं नाव सांगतो."

दिगंबर हसला. स्वतः पद्मिनी कवठे एकंदची. पुण्यात असताना ती 'आम्ही सांगलीचे' म्हणायची आणि अमेरिकेत आल्यापासून पुण्याची झाली होती. "सांगू नकोस त्यांना," तो म्हणाला. "पेशंटला सगळं सांगायचं नसतं."

"तुमचे पेशंट झोपलेले असतात."

मागच्या सीटवरून दीपा म्हणाली, "आई, डोन्ट रुइन देअर पार्टी." त्या मुलीनं रोटेनाखच्या बाबतीत स्वतःहून मत दिलं, हे पहिल्यांदाच.

पण पद्मिनीला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिनं हार्लनला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं.

"टाकी रंगवून झालीय, मॅडम," हार्लन म्हणाला.

"मला कल्पना आहे."

"किती लांब होती ती काउंटची हद्द, आमच्या गावांपासून?"

"ओबरलिंडपासून चार मैल."

"चार मैल!" हार्लनचा जीव भांड्यात पडला. "अहो, आमची शाळेची बस रोज आठ मैल जाते. तुम्ही या. काय बोलायचं ते बोला."

प्राउटना विचारावं म्हणून ती त्यांच्याकडे गेली. त्यांनी पाइप विझवला, पुन्हा पेटवला. "किल्ल्याविषयी बोला," ते म्हणाले. "लोकांना किल्ले आवडतात." आणि मग खिडकीबाहेर पाहत, काहीशा खिन्नपणे, "मला तीस वर्षांत कोणी कुठे बोलावलं नाही."

ऑगस्टातला तो शनिवार कडक उन्हाचा निघाला. चर्चच्या मैदानावर मोठा तंबू, लांबलचक टेबलं, सॉसेज भाजल्याचा धूर, आणि एका कोपऱ्यात अकॉर्डियन, ट्यूबा, ढोल घेऊन बसलेला गावचा बँड. पद्मिनी खास नारायणपेठी नेसली होती. किल्ल्यापासूनच सुरुवात केली तिनं. शिडीपाशी सगळा तंबू हसला. तिथे थांबली असती तर संध्याकाळी केक खाऊन सुखानं घरी आली असती. पण तिनं नकाशा उघडला. शांतपणे, एकेक गाव दाखवत, हिरवा ठिपका लालपासून वेगळा करून तिनं सांगितलं की न्यू रोटेनाखच्या पूर्वजांवर रोटेनाखच्या काउंटचं राज्य एक दिवससुद्धा नव्हतं. हा सिंह तुमचा नाही. हा तुमच्या शेजाऱ्यांचा.

तंबूत एवढी शांतता झाली, की बाहेर भाजणाऱ्या सॉसेजचा चरचराट ऐकू यायला लागला. दिगंबरनं गाडीच्या किल्ल्या खिशातून काढून हातात घेतल्या.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. इर्मा क्रोएगर. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, चर्चच्या फुलदाण्या वर्षानुवर्षं तीच भरायची.

"म्हणजे आम्ही त्या काउंटचे नव्हतो?"

"नाही."

"आणि तो आमची गुरं न्यायचा?"

"दोनदा नेली. एकदा तुमच्या लोकांनी पाठलाग करून काही परत आणली."

"परत आणली!" मागून कोणीतरी ओरडलं. कोणी टेबलावर मूठ आपटली. आणि बघता बघता त्या तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. पद्मिनीला काही कळेना. हार्लन मात्र तीस वर्षं शेतकऱ्यांना बियाणं विकलेला माणूस. वारा कुठून वाहतो हे त्याला बरोबर समजायचं. तो लगबगीनं मंचावर आला, माइक हातात घेतला आणि गरजला, "मित्रहो! ऐकलंत? आपले पूर्वज कोणाचेही गुलाम नव्हते! ते स्वतंत्र होते! काउंटशी लढले!"

"एक मिनिट," पद्मिनी म्हणाली. "स्वतंत्र असं नाही. ते मठाचे होते. मठाचा सारा तर काउंटपेक्षा जास्त होता, आणि—"

तेवढ्यात हार्लननं बँडला हात केला. ट्यूबाच्या पहिल्याच फुंकरीत मठ वाहून गेला. कोणीतरी पद्मिनीचे दोन्ही हात धरून तिला नाचायला ओढलं. ती "मठ, मठ" म्हणत होती आणि लोक तिला "येस, येस" म्हणत होते. दिगंबरनं किल्ल्या परत खिशात टाकल्या आणि तो केकच्या टेबलाकडे गेला.

पुढच्या आठवड्यात तिकडच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तिचा फोटो आला. मथळा होता: 'भारतीय तज्ज्ञांचा निर्वाळा: आपण नेहमीच स्वतंत्र होतो'. पद्मिनीनं संपादकाला दुरुस्ती पाठवली. ती त्यांनी छापलीही, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, आणि त्यात 'मठ' या शब्दाच्या जागी चुकून 'गोठा' असा अर्थ होईल असं काहीतरी पडलं. टाकीवरच्या सिंहाचा मुकुट खरवडून काढण्यात आला. त्याच्यासमोर गवत उचलायचा लांब काटा उगारलेला एक शेतकरी रंगवला गेला. सिंह आता जरा घाबरल्यासारखा दिसायला लागला.

ॲन आर्बरला ते कात्रण नीलानं घरोघर फिरवलं. सात वर्षांत प्रथमच मंडळींना पद्मिनी काय करते ते कळलं. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. राजाराम गोगटे त्या वर्षी अध्यक्ष होते. ते म्हणाले, "जर्मन लोकांना त्यांचं स्वातंत्र्य कोणी मिळवून दिलं असेल, तर ते आपल्या पद्मिनीवहिनींनी!" टाळ्या पडल्या. पद्मिनीनं नारळ घेतला आणि खाली बसली. मठाचं काढण्यात अर्थ नाही, एवढं तिला आता कळलं होतं.

पुढच्या वर्षी तिचा प्रबंध पार पडला. परीक्षक पाच. त्यांतले प्राउट मध्येच डुलकी घेत होते, पण हिरव्या ठिपक्याचा विषय निघाला तेव्हा जागे झाले आणि म्हणाले, "तिथे मी चुकलो होतो." या एका वाक्याचा आनंद पद्मिनीला शाल-श्रीफळापेक्षा जास्त झाला, तो कोणाला समजावून सांगता येईना. आता ती खरीच डॉक्टर शेवडे झाली. लगोलग दोन-तीन घरच्या सासूबाईंनी तिला गुडघेदुखीवर विचारलं.

नोकरीसाठी तिनं पुष्कळ ठिकाणी अर्ज केले. मध्ययुगीन जर्मनीतल्या बुडालेल्या काउंटीची गरज कुठेच नव्हती. शेवटी ओहायोतल्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. मुलाखत घेणारे सद्गृहस्थ तिचं नाव वाचून हसतमुखानं म्हणाले, "आम्हाला हिंदुस्थानचा इतिहास शिकवणारं कोणी हवंय. मराठे वगैरे. तुम्हाला तर सोपं जाईल."

"त्यातलं मला काही येत नाही," पद्मिनी म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

तिला बोलावलं ते शेवटी न्यू रोटेनाखनंच. उत्सवाच्या जोरावर हार्लननं जुन्या एकखोली शाळेत म्युझियम काढलं होतं आणि त्याला शनिवारी कोणीतरी जाणकार बसायला हवं होतं. दिगंबर म्हणाला, "जा की. तुझंच संस्थान आहे." दर शनिवारी सकाळी पद्मिनी डबा घेऊन गाडी काढायची. भिंतीवर तिनं आपला नकाशा लावला, खाली तीन परिच्छेदांत मठाची सगळी हकीकत लिहिली. शाळेच्या सहली यायच्या. पोरं नकाशापुढून धावत जाऊन बाहेर पाण्याच्या टाकीखाली फोटो काढायची. दर ऑगस्टात मैदानावर नाटुकलं व्हायचं: काउंट गाय चोरतो, गावकरी त्याला हाकलून लावतात. काउंटच्या भूमिकेसाठी मुलांत मारामाऱ्या होत. नाटुकल्याच्या पत्रिकेवर 'ऐतिहासिक सल्लागार: डॉ. पद्मिनी शेवडे' असं छापलेलं असे. पहिल्या वर्षी तिनं ते काढायला लावलं. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आलं, तेव्हा निदान स्पेलिंग तरी दुरुस्त करून घेतलं.

१९८८च्या फेब्रुवारीत एका शनिवारी बर्फ पडत होतं. अशा दिवशी म्युझियमला कुत्रंही फिरकत नाही. पद्मिनी स्टोव्हजवळ शाल गुंडाळून बसली होती. दार उघडलं आणि काठी टेकत इर्मा क्रोएगर आत आली. बूट झटकले, खुर्ची ओढली आणि नकाशासमोर बसली.

"त्या दिवशी तू मठाचं काहीतरी सांगत होतीस," ती म्हणाली. "बँड वाजला. पुढचं राहिलं."

अडीच वर्षांत हा प्रश्न विचारणारं हे पहिलं माणूस. पद्मिनीनं सगळं सांगितलं. इर्माचे पूर्वज स्वतंत्र नव्हते. मठाच्या जमिनीला बांधलेली कुळं होती ती. मठाला विचारल्याशिवाय लग्न करता यायचं नाही, गाव सोडता यायचं नाही. धान्याचा दहावा वाटा द्यायचा, मठाच्या शेतात राबायचं, आणि वर्षातून एकदा, ईस्टरपूर्वीचे लेंटचे उपास सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक चुलीमागे एक कोंबडी मठात नेऊन द्यायची.

"कोंबडी?" इर्मानं विचारलं.

"हो. जिवंत. प्रत्येक लेखात आहे ते."

इर्मानं नकाशावरची नजर पद्मिनीकडे वळवली.

"माझी आजी न्यायची," ती म्हणाली. "दर वर्षी, उपासांच्या आदल्या मंगळवारी. ॲप्रनखाली कोंबडी धरून चर्चच्या पास्टरच्या दारात. पास्टर बिचारा लाजायचा. नको म्हणायचा. आजी ऐकायची नाही. आम्ही पोरं विचारायचो, का? तर म्हणायची, असंच असतं."

त्या पाच खंडांत 'कोंबडी' हा शब्द पद्मिनीनं किती वेळा वाचला होता, त्याला गणती नव्हती. कोष्टकं केली होती तिनं कोंबड्यांची, तळटीपा दिल्या होत्या. पण मठ बुडाला, काउंट मेले, समुद्र ओलांडला, कॅथॉलिक पंथसुद्धा सुटला, आणि तरी एक बाई मिशिगनच्या बर्फातून, कोणीही मागत नसताना, तो सारा भरायला जात राहिली, हे कुठल्याही खंडात नव्हतं.

"मग आम्ही स्वतंत्र वगैरे नव्हतो म्हण की," इर्मा म्हणाली. तिला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

"नाही."

"हार्लनला सांगू नकोस हं. त्याला लागेल. नाटुकल्यात त्याचा नातू आहे यंदा."

"नाही सांगत," पद्मिनी म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण किती सहज बोलून गेलो. पण आता तिला त्याहून महत्त्वाचं काही विचारायचं होतं. तिनं खुर्ची इर्माच्या जवळ ओढली.

"कोणती कोंबडी न्यायची आजी? अंड्यावरची की म्हातारी?"

इर्मानं डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. "म्हातारी नाही. म्हातारी दिली तर अपशकुन म्हणायची. आणि पांढरी नाही. थांब हं, पांढरी का नाही, त्याचं एक काहीतरी होतं..."